कात्रणांतून उभे राहिलेले चरित्र : कालकथित चां. भ. खैरमोडे

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनातील प्रसंग आज आपल्या घराघरांत मुखोद्गत आहेत. आपल्या वसतिगृहातील पाचवी-सहावीचा विद्यार्थीही जयंतीच्या व्यासपीठावर उभा राहून महाडचा दिनांक अचूक सांगतो, ‘मूकनायक’ केव्हा निघाले ते सांगतो, आणि समोर बसलेले आईवडील कौतुकाने टाळ्या वाजवतात. हे सारे आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराचा स्पर्श होऊ दिला गेला नाही, त्या समाजाच्या महानायकाचा दिवसादिवसाचा वृत्तांत शाबूत राहिला तो आपोआप राहिलेला नाही. त्यासाठी काही माणसांनी आपले आयुष्य झिजवले आहे. त्यांपैकी अग्रभागी असलेले चरित्रकार चांगदेव भवानराव खैरमोडे यांचे स्मरण या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही करीत आहोत.

खैरमोडे यांचा जन्म १५ जुलै १९०४ रोजी सातारा जिल्ह्यातील पाचवड या गावी झाला. त्या काळी अस्पृश्य कुटुंबातील मुलाने शाळेत जाणे हेच एक साहस होते. सातारा हे नाव बाबासाहेबांच्या बालपणाशीही जोडलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. तेथील नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर ही नोंद आजही पाहावयास मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर केला, त्यामागे त्या वहीतील एका ओळीचा आधार होता. शाळेच्या कारकुनाने शाईने लिहिलेली ती ओळ नष्ट झाली असती, तर तो दिवस आपणांस कळलाही नसता. इतिहास किती बारीक धाग्यावर लोंबकळत असतो, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगताना आम्हांला यासारखे दुसरे उदाहरण सापडत नाही.

खैरमोडे पुढील शिक्षणासाठी मुंबईस आले आणि विद्यार्थिदशेतच बाबासाहेबांच्या सहवासात आले. लंडनमधील उच्च शिक्षण पूर्ण करून १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईत परतले होते. बॅरिस्टरीची सनद हाती होती, परंतु वकिली जमावयाची होती आणि चळवळीची पायाभरणी व्हावयाची होती. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. परळच्या दामोदर हॉलजवळील कचेरीत कार्यकर्ते, विद्यार्थी आणि गाऱ्हाणी घेऊन आलेले गावकरी यांची ये-जा सुरू झाली. हा माणूस उद्या देशाचा इतिहास घडवणार आहे, असे त्या वेळी ठामपणे सांगणारे थोडेच असतील. खैरमोडे मात्र त्या काळापासूनच बाबासाहेबांच्या कार्याची नोंद ठेवू लागले, चरित्राची साधने गोळा करू लागले. चरित्रनायक मोठा ठरल्यानंतर साधने शोधणारे पुष्कळ असतात. तो मोठा होत असतानाच ती जमवणारा विरळा. खैरमोडे यांचे मोठेपण येथे आहे.

ही साधने जमवणे त्या काळी किती कठीण होते, हे समजण्यासाठी तेव्हाच्या वृत्तपत्रसृष्टीकडे पाहावे लागते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले म्हणून ते पत्र उभे राहू शकले. त्यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’, २९ जून १९२८ रोजी ‘समता’, २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ अशी पत्रे निघाली. ‘बहिष्कृत भारत’च्या अंकातील रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतःच्या लेखणीने भरून काढावे लागत. वर्गणीदार थोडे, तेही बहुतेक गिरणी कामगार, रेल्वे व गोदीतील मजूर आणि खेड्यांतील शेतमजूर. एक अंक चाळीत दहाजण ऐकत, मग तो हातोहाती फिरे आणि फिरता फिरता फाटून जाई. मोठ्या ग्रंथालयांना ही पत्रे जपून ठेवण्याची आस्था नव्हती. म्हणजे ज्या पत्रांत आपला वृत्तांत येत होता ती टिकत नव्हती, आणि जी पत्रे टिकत होती त्यांत आपला वृत्तांत एक तर येत नव्हता किंवा विपर्यस्त होऊन येत होता.

या दोहोंच्या मधल्या फटीत खैरमोडे यांनी आपले काम केले. त्यांच्या चरित्रखंडांची पाने उलटली की ते काम डोळ्यांसमोर उभे राहते. वृत्तपत्रांतील बातम्या व अग्रलेख, सभांचे वृत्तांत, परिषदांचे ठराव, पत्रव्यवहार, निवेदने आणि प्रत्यक्ष सहभागी झालेल्यांच्या आठवणी यांची तेथे रेलचेल आहे. विशेष असे की त्यांनी अनुकूल मजकुराबरोबर प्रतिकूल मजकुराचीही दखल घेतली. विरोधकांनी काय छापले हे ठाऊक असल्याखेरीज बाबासाहेबांना कोणत्या वातावरणात वावरावे लागले हे पुढच्या पिढीला उमगणार नाही. टीकेचे कात्रण चुलीत घालणे सोपे असते. ते जपून ठेवण्यास इतिहासाची दृष्टी लागते.

वर्तमानपत्राचे कात्रण ही वस्तू दिसावयास क्षुल्लक असते. सकाळी वाचलेला कागद दुपारी भजी बांधावयास जातो. परंतु त्या कागदावरील चार इंच मजकूर कापून, त्याच्या कडेला पत्राचे नाव आणि दिनांक लिहून ठेवला, की तो पुरावा बनतो. हे नाव आणि दिनांक नसतील तर तेच कात्रण अनाथ होते. त्यातील मजकूर कितीही मोलाचा असो, इतिहासाच्या दरबारात त्याची साक्ष दुबळी पडते. शिवाय एकटे कात्रण फारसे बोलत नाही. दहा वर्षांची कात्रणे क्रमाने लावली की ती बोलू लागतात.

महाडचेच उदाहरण घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. वीरेश्वर मंदिरात अस्पृश्य शिरणार, अशी आवई उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ला करण्यात आला आणि मागाहून शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे घडे ओतून तळ्याची तथाकथित शुद्धी झाली. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाईहुकूम आला. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर दावा वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. ठरावापासून निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे लोटली. सभेची बातमी एका अंकात, दंगलीची दुसऱ्या, खटल्याची तिसऱ्या, निकालाची दहा वर्षांनंतरच्या अंकात. हे तुटक दुवे कोणीतरी सांभाळून जोडले नसते, तर महाड म्हणजे एका दिवसाची घटना एवढेच आपल्या स्मरणात उरले असते. ज्यांनी मार खाल्ला, ज्यांनी साक्षी दिल्या, ज्यांनी दहा वर्षे धीर सोडला नाही, ते सारे पुसले गेले असते.

खैरमोडे कोणत्याही विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते, की त्यांच्यामागे एखादी संशोधन संस्था नव्हती. ते सरकारी कचेरीत नोकरी करीत. कचेरीचे काम, संसाराची ओढाताण, मुंबईतील अपुरी जागा हे सर्व सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी हा व्यासंग चालवला. छायाप्रतीचे यंत्र तेव्हा नव्हते. ज्या अंकाला कात्री लावता येत नसे, त्यातील मजकूर हाताने उतरवून घेणे एवढाच मार्ग असे. ते कवीही होते. महार समाजाच्या बावन्न हक्कांच्या आख्यायिकेतील वीर अमृतनाक याच्यावर त्यांनी ‘अमृतनाक’ हे काव्य रचले. त्या आख्यायिकेत बेदरच्या बादशहाकडून अमृतनाक स्वतःसाठी धनदौलत न मागता आपल्या समाजासाठी हक्कांची सनद मागून घेतो. पराक्रमाचे फळ लेखी असावे, ही जाण आपल्या पूर्वजांच्या कथेतही होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. बाबासाहेबांच्या शूद्रांविषयीच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाचा ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा मराठी अनुवादही खैरमोडे यांनी केला.

अशी माणसे केवळ आपल्याच समाजात निपजली असे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच शहरातील एका बँकेच्या टपाल विभागात आर्तुरो शोम्बर्ग नावाचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ नोकरी करीत होते. १८७४ मध्ये पोर्तो रिको बेटावर त्यांचा जन्म झाला. लहानपणी एका शिक्षकाने काळ्या लोकांना इतिहास नसतो असे सांगितले आणि तेव्हापासून त्यांनी पुरावे जमवण्याचा ध्यास घेतला, अशी त्यांच्याविषयीची कथा प्रसिद्ध आहे. दिवसा बँकेत काम करावे आणि पगारातून वाचवलेल्या पैशांत जुनी पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे, पत्रके विकत घ्यावीत, असा त्यांचा क्रम होता. १९२६ मध्ये कार्नेगी निधीच्या १०,००० डॉलरांतून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह घेतला. त्यात पाच हजारांहून अधिक ग्रंथ आणि तीन हजार हस्तलिखिते होती. १९३२ पासून १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते स्वतःच त्या संग्रहाचे ग्रंथपाल होते. हार्लेम वस्तीतील त्या ग्रंथालयात कृष्णवर्णीयांविषयीच्या वृत्तपत्रीय कात्रणांचेही मोठे भांडार पुढे उभे राहिले. टपाल विभागातला तो नोकरदार आणि मुंबईच्या कचेरीतले खैरमोडे यांची जात एकच म्हणावी लागेल, ती म्हणजे पुरावा जपणाऱ्यांची. फरक इतकाच की शोम्बर्ग यांच्या संग्रहाला त्यांच्या हयातीत इमारत मिळाली, पैसा मिळाला, ग्रंथपालाचे पद मिळाले. खैरमोडे यांच्या वाट्याला ते आले नाही.

‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधने जमवण्यास सुरुवात केल्यापासून पंचवीसहून अधिक वर्षे लोटली होती. बाबासाहेब तेव्हा हयात होते. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र त्यानंतर दोन वर्षांनी, १९५४ मध्ये आले. कीरांचा ग्रंथ एकटाकी, प्रवाही, वाचकाला धरून ठेवणारा आहे. खैरमोडे यांचे खंड तसे नाहीत, हे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही मोकळेपणाने नमूद करतो. मूळ कागदपत्रांच्या उताऱ्यांनी कथन जागोजागी थांबते, तपशिलांची गर्दी होते, लेखकाचे स्वतःचे राग-लोभही डोकावतात. परंतु अभ्यासक जेव्हा एखाद्या सभेचा दिनांक पडताळू पाहतो, एखाद्या वादात कोणत्या पत्राने कोणती बाजू घेतली हे शोधू पाहतो, तेव्हा तो खैरमोडे यांच्याकडेच वळतो. चळवळीतील मतभेद, पैशांची चणचण, सहकाऱ्यांच्या कुरबुरी हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. आपल्या नायकाला देव्हाऱ्यात बसवून त्याची आरती करण्यापेक्षा त्याचे जीवन पुराव्यानिशी उभे करणे हीच त्यांची भक्ती होती, आणि ती बाबासाहेबांच्या शिकवणुकीस धरून होती. तथागतांनीही ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, असाच उपदेश कालामांना केला आहे.

कागद जपणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचे दुःखद उदाहरण दिल्लीत घडले. ६ डिसेंबर १९५६ रोजी २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे अप्रकाशित लेखन आणि कागदपत्रे त्या घरात राहिली. जानेवारी १९६७ मध्ये घराचा ताबा घेताना ती अंगणात काढून टाकण्यात आली आणि पावसाने भिजली. जे वाचले ते पुढे न्यायालयीन ताब्यातून महाराष्ट्र शासनाच्या हाती आले. १९७६ मध्ये समिती नेमली गेली आणि वसंत मून यांच्या अविश्रांत परिश्रमांतून १४ एप्रिल १९७९ रोजी ‘लेखन आणि भाषणे’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्या अंगणात कोणकोणती पाने मातीमोल झाली, ती आता कोणीही सांगू शकणार नाही.

खैरमोडे यांनी ती माला पाहिली नाही. १८ नोव्हेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा चरित्राचे काही खंड प्रसिद्ध झाले होते आणि उरलेल्यांचे हस्तलिखित घरात होते. येथे त्यांच्या पत्नी द्वारकाबाई खैरमोडे यांचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. पतीच्या पश्चात घरातील जुने कागद रद्दीत घालणारी घरे आपण पाहतो. द्वारकाबाईंनी ते कागद उराशी धरले, उरलेल्या खंडांच्या प्रकाशनासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि बारा खंडांचे चरित्र मराठी वाचकांच्या हाती दिले. पुढे पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने या खंडांच्या आवृत्त्या काढल्या. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एक नाव असले, तरी बारा खंडांच्या पूर्णतेमागे दोन आयुष्ये आहेत, हे आपल्या मुलींना आवर्जून सांगावे असे आम्हांस वाटते.

आपण ज्या भूमीत राहतो, तिलाही तुकडे जपण्याचे महत्त्व नवीन नाही. आपले नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा भातेला तळ्याजवळ त्यांना मिळाला. पुढे १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, भुईगाव येथे अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांच्या दृष्टीस पडला. दोन्ही वेळा संपूर्ण लेख कोणाच्या हाती लागला नाही. लागली ती काही अक्षरे. पण त्या काही अक्षरांवरून वसईच्या किनाऱ्यावर अशोकाची आज्ञा कोरली गेली होती, हे जगाला मान्य करावे लागले. दगडाचा तुकडा दोन हजार वर्षे टिकला. वर्तमानपत्राचा कागद मात्र पन्नास वर्षांतच पिवळा पडून हातात चुरा होऊ लागतो, आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत तर त्याहूनही लवकर.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज ठिकठिकाणी मानाच्या जागी आहेत. अनेकांचे आजोबा-पणजोबा कोकणातून, देशावरून, विदर्भ-मराठवाड्यातून गिरण्या, रेल्वे, गोदी यांच्या आधाराने मुंबईस आले आणि पुढची पिढी वसई-विरारला स्थिरावली. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकांत, माळ्यांवर, बुद्धमूर्तीखालील कपाटांत ‘जनता’चा एखादा अंक, ‘प्रबुद्ध भारत’चे पान, परिषदेचे हस्तपत्रक, समता सैनिक दलाचे छायाचित्र, पंचायतीची पावती असणे अगदी संभवनीय आहे. घर बदलताना, इमारतीचा पुनर्विकास होताना पहिल्यांदा फेकले जाते ते हेच. आमची विनंती एवढीच आहे की रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते एकदा उलगडून पाहावे. कात्रण असल्यास पत्राचे नाव व दिनांक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. पिठाची खळ लावून वहीत चिकटवू नये, तिला कसर लागते. चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. छायाचित्रातील माणसे ओळखणारे वडीलधारे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नावे विचारून घ्यावीत. मोबाईलवर प्रत काढून घ्यावी, पण प्रत निघाली म्हणून मूळ कागद टाकू नये.

शाळेच्या ग्रंथालयात खैरमोडे यांच्या बारा खंडांशेजारी एक कपाट अशा कागदांसाठी राखता आले, तर ते या वर्षाचे सर्वांत मोलाचे दान ठरेल. इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना ते कपाट उघडून दाखवू, आणि प्रत्येक कागदाखाली तो ज्या घरातून आला त्या घराचे नाव व दिनांक लिहिलेला असेल.